भिंतीत जाणारी वायर

घर बदलायचं म्हणजे सामान हलवायचं, असं ज्यांनी कधी घर बदललेलं नाही त्यांना वाटतं. सामानाचं काय, चार माणसं लावली की ते दिवसात हलतं. खरा घोळ पुढे असतो. वीज येते तेव्हा पाणी नसतं, पाणी येतं तेव्हा गॅसवाला म्हणतो उद्या बघू, आणि तोवर माणूस खोक्यांच्या गराड्यात मोबाइल कानाला लावून उभा असतो.

धाकटीनं हे सगळं ओळखून महिनाभर आधीच कामाला सुरुवात केली होती. तिला घरात सगळे धाकटीच म्हणायचे, चाळिशीला टेकली तरी. थोरली लग्न होऊन लांब गेली होती आणि दर रविवारी फोनवरून भरपूर सल्ले द्यायची. अण्णांना, म्हणजे वडिलांना, सांभाळायचं काम धाकटीचं. त्यात तिला तक्रार नव्हती. फक्त एका गोष्टीची धास्ती होती, आणि ती म्हणजे वीज.

अण्णा सरकारी तलावावर पोहायला शिकवायचे. गावातल्या निम्म्या पोरांनी त्यांच्या शिट्टीवर पाण्यात पहिली उडी मारलेली. छाती अशी की शर्टाची बटणं कायम ताणलेली. त्याच छातीतली फुप्फुसं म्हातारपणी आकसत गेली, आणि आता नाकात नळी घालून ते दिवसरात्र ऑक्सिजनच्या मशीनला बांधलेले असायचे. मशीन भिंतीतल्या विजेवर चालायचं. हवा पाण्याच्या एका छोट्या बाटलीतून बुडबुडत नळीत जायची. तो बुडबुड आवाज चालू आहे तोवर सगळं ठीक, एवढं धाकटीला कळत होतं. झोपेतही तिचा एक कान त्या आवाजावर असे.

जुन्या इमारतीला लिफ्ट नव्हती, म्हणून हे घर घेतलं. तिसरा मजला, इमारतीच्या अगदी टोकाचं घर. मागच्या खोलीला दुपारनंतर उजेड कमी, पण ती शांत होती. अण्णांचा पलंग तिथेच लावला, डोकं भिंतीकडे करून. मीटर आधीच बसलं होतं. पाण्याचा व्हॉल्व्ह उघडून घेतला होता. गॅसची पाइप तेवढी बाकी होती, तोवर विजेच्या शेगडीवर भागवायचं ठरलं.

मशीनचं बटण दाबलं, हिरवा दिवा लागला, बाटलीत बुडबुडे आले. अण्णा म्हणाले, घर पास. आणि ती शेगडीवर पाणी ठेवायला वळली तोच बाहेरच्या बोर्डात खट्ट झालं आणि सगळं थांबलं.

मशीन बंद पडताना एक लांब शिट्टी देतं. ती शिट्टी ऐकताच धाकटी पळाली. अडीअडचणीला ठेवलेला सिलिंडर तिनं ओढून आणला, नळी त्याला लावली, बोर्डातला खटका वर केला. वीज आली. संध्याकाळपर्यंत शेगडी लावली नाही, पंखाही नाही. तरीही खटका पुन्हा पडला. दुसऱ्या दिवशी सकाळी आणखी एकदा.

वायरमन आला तो मध्यमवयाचा, कमी बोलणारा माणूस. कानाच्या मागे टेस्टर खोचलेला. त्यानं आधी मशीन सोडून घरातलं सगळं बंद करायला लावलं, मग बोर्ड उघडून पकडीसारखं एक यंत्र एकेका वायरीला लावून बघितलं. एका वायरीपाशी तो थबकला. मशीनची वायर वेगळी होती, ही वेगळी. जेवढा लोड अण्णांचं मशीन खात होतं तेवढाच ही वायर खात होती.

"तुमच्याकडे असं दुसरं मशीन आहे का?" त्यानं विचारलं.

नव्हतं. दोघांनी मिळून वायरीचा माग काढला. ती बोर्डातून निघून पॅसेजच्या पट्टीतून मागच्या खोलीत आली, पलंगाच्या मागून गेली आणि अण्णांच्या उशीच्या पातळीला भिंतीत एका भोकात शिरली. शेजाऱ्यांनी चोरून घेतली असेल, धाकटी म्हणाली. वायरमन खिडकीतून अर्धा बाहेर वाकला आणि भिंत वरपासून खालपर्यंत बघून घेतली. मग त्यानं तिला बघायला बोलावलं. भिंतीपलीकडे शेजार नव्हता. इमारत तिथेच संपत होती. सपाट गिलावा, ना पाइप ना वायर, आणि खाली मोकळं मैदान.

त्यानं भोकाला कान लावला. मग बाजूला होऊन तिला खूण केली. तिनंही लावला. आत बुडबुड ऐकू येत होतं, अगदी हळू. आपल्याच बाटलीचा आवाज भिंतीत घुमत असणार, असं तिनं स्वतःला समजावलं. पण लक्ष देऊन ऐकलं तेव्हा दोन्ही आवाज जुळेनात. बाटलीचा आवाज सलग होता. भिंतीतला मात्र मधेच दमायचा, थांबायचा, आणि घाईघाईनं पुन्हा सुरू व्हायचा.

वायरमननं बोर्डापाशी जाऊन ती वायर कापली. भिंतीतला आवाज तिथल्या तिथे बंद झाला. मग त्यानं भोकाशी वायर धरून बाहेर ओढली. वाटलं होतं, बरीच लांब असेल. पण हातभर वायर आली आणि टोक बाहेर पडलं. टोकाचं तांबं उघडं होतं, आणि झिजून गुळगुळीत झालेलं, लहान मूल पेन्सिलीचं टोक चोखतं तसं.

"ताई, ही कुठेच जात नाही," तो हलक्या आवाजात म्हणाला.

चहा ठेवते म्हटलं तर नको म्हणाला. हत्यारं पिशवीत भरताना तो दोनदा थांबला आणि छातीवर हात ठेवून उभा राहिला. जिना चढून आल्यावर माणूस थांबतो तसा. आला तर तो लिफ्टनं होता.

त्यानंतर खटका पडला नाही. धाकटीनं शेगडी लावली, पंखा लावला, खोकी फोडली, दुपारी चक्क गाणं गुणगुणली. अण्णांचं मात्र जेवणात लक्ष नव्हतं. ते मान वळवून मागच्या भिंतीकडे बघत होते. काय झालं विचारलं तर म्हणाले, आवाज बंद झाला. आल्या दिवसापासून त्यांना तो ऐकू येत होता. पलीकडे आपल्यासारखाच कोणीतरी पडलेला आहे असं त्यांना वाटलं होतं, आणि बरंही वाटलं होतं. रात्री जाग आली की सोबत व्हायची. धाकटीनं त्यांना खरं सांगितलं, पलीकडे काही नाही, मोकळी हवा आहे. अण्णांनी मान हलवली, पण पटलेल्या माणसासारखी नाही.

ऊन उतरलं आणि मागची खोली अंधारू लागली तेव्हा त्यांनी तिला हाक मारली. ती आली तर ते उठून बसलेले, एक तळहात भिंतीवर सपाट टेकवलेला.

"बुडतोय तो," अण्णा म्हणाले.

"अण्णा, कसलाही आवाज नाहीये..."

"बुडणारा ओरडत नाही, बाळ. ओरडायला श्वास लागतो."

इतकी वर्षं तलावावर काढलेला माणूस हे अगदी शांतपणे म्हणाला. तिनं दिवा लावला, त्यांना नीट निजवायला हात पुढे केला, आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं की खोलीत फार शांत आहे. मशीन घरघरत होतं. हिरवा दिवा चालू होता. पण बाटलीतलं पाणी आरशासारखं निश्चल होतं.

तिनं नळी तपासली. कुठे मुडपली नव्हती. नाकातलं टोक काढून पाण्याच्या पेल्यात बुडवलं. एकही बुडबुडा नाही. मशीन दुसऱ्या प्लगला लावून पाहिलं. बोटाला लावायच्या यंत्रावरचा ऑक्सिजनचा आकडा उतरत होता, आणि अण्णांच्या ओठांच्या कडा निळसर व्हायला लागल्या होत्या. तिनं सिलिंडर जोडला. फुस्स आवाज झाला, अण्णांना किंचित तरतरी आली. पण सिलिंडरचा काटा तिच्या डोळ्यांदेखत खाली सरकू लागला. एका माणसाला रात्रभर पुरेल इतकी हवा कोणीतरी तहानल्यासारखी पिऊन टाकत होतं.

अँब्युलन्सला फोन केला, ते म्हणाले निघतोय, रस्त्यात गर्दी आहे. मशीनच्या माणसानं नळी बदलून बघा म्हणून सांगितलं. नळी तिनं बदलली, काही झालं नाही. मग तिला काय सुचलं कोण जाणे, तिनं वायरमनला फोन लावला. त्यानं लगेच उचलला, फोन हातातच धरून बसला असावा तसा. तिनं कसंबसं सांगितलं. पलीकडून बराच वेळ नुसता श्वासाचा आवाज येत राहिला.

"परत जोडा," तो म्हणाला.

"मी? मला कसं..."

"सांगतो तसं करा. आधी मेन बंद. टोक भोकात घाला. मग बोर्डात वायर कापलीय तिथे सोलून... डावीकडचा स्क्रू."

"तुम्ही या ना."

"नाही, ताई." तो थांबला. धाप लागल्यासारखा थांबून थांबून बोलत होता. "मी ती कापली ना... तेव्हापासून मलाही पुरता श्वास येत नाहीये."

धाकटीनं मेन बंद केला. मशीननं लांब शिट्टी दिली आणि घर काळोखात गेलं. मोबाइलचा उजेड दातांत धरून ती अण्णांच्या उशाशी गुडघ्यांवर बसली. सिलिंडरची फुसफुस बारीक होत चालली होती. भोकातून गार झुळूक येत होती आणि तिला वास होता, दिवसेंदिवस न उघडलेल्या खोलीत ओलं फडकं राहून गेल्यासारखा. तिनं वायरीचं टोक आत घातलं. पहिलं दोन बोटं अंतर तिनं ढकललं. उरलेली वायर तिच्या चिमटीतून आपली आपण आत गेली.

तिनं हात झटकून मागे घेतला, पण वेळ घालवला नाही. बोर्डापाशी जाऊन तिनं वायर दातांनीच सोलली, तांबं स्क्रूखाली सरकवलं, अंधारात पेचकस दोनदा खाली पडला. स्क्रू आवळला आणि खटका वर केला.

मागच्या खोलीतून एक आवाज आला. खोल पाण्यातून डोकं वर काढल्यावर माणूस जो पहिला श्वास घेतो, त्याचा आवाज. अण्णांनीच घेतला, असं ती पुढे कित्येक दिवस स्वतःला बजावत राहिली. ती धावत गेली तेव्हा बाटलीत बुडबुडे उसळत होते आणि भिंतीतही बुडबुड चालू होती, उतावीळ, मग हळूहळू संथ होत गेलेली. अँब्युलन्समधून आलेल्या डॉक्टरांना अण्णा ठणठणीत सापडले. नळीत काहीतरी अडकलं असणार, ते म्हणाले, आणि काळजी घ्यायला सांगून गेले. सकाळी वायरमनचा फोन आला. आता बरं वाटतंय, एवढंच म्हणाला. पैशाचं किंवा परत येण्याचं त्यानं काही काढलं नाही आणि तिनंही विचारलं नाही.

कुणाला सांगावं तर काय सांगावं. खालच्या मजल्यावरच्या काकू दूध विरजायला चमचाभर दही मागायला आल्या, तेव्हा तिनं आडून आडून विचारून पाहिलं, या घरात आधी कोणी आजारी होतं का. काकूंना नवल वाटलं. छे, त्या म्हणाल्या, एक जोडपं होतं, दोन शाळकरी मुली होत्या, बदली झाली म्हणून गेले. त्यांच्या आधी घर रिकामंच होतं, इमारत काही फार जुनी नाही. मागच्या खोलीत त्या मुलींचा अभ्यास चालायचा. कोणी दगावलं, कोणी अंथरुणाला खिळलं, असं काही झालंच नव्हतं. धाकटीला यानं हायसं वाटायला हवं होतं. उलट तिला वाटलं, काहीतरी झालेलं असतं तर बरं झालं असतं. निदान कोण आहे हे कळलं असतं.

मग तिनं तिच्या स्वभावाला धरून केलं. विजेच्या ऑफिसात जाऊन घराचा लोड वाढवून मागितला. खिडकीतल्या बाईंनी कारण विचारलं. घरात ऑक्सिजनची दोन मशीनं आहेत, ती म्हणाली. दुसरा पेशंट कोण, बाईंनी मान वर न करता विचारलं. धाकटीनं अर्ज पुढे सरकवला.

"नात्यातलेच आहेत," ती म्हणाली.

लोड वाढला, खटका पडायचा थांबला. पाणी वेळेवर यायला लागलं. घर लागलं असं म्हणावं, अशी सगळी लक्षणं दिसू लागली. अण्णांची तब्येतही सुधारली, थोरलीला रविवारी फोनवर त्यांचा आवाज ऐकून खरं वाटेना. पण दुपारी स्वयंपाकघरात असताना धाकटीला मागच्या खोलीतून त्यांचं बोलणं ऐकू यायचं. पोरांना शिकवायचे त्याच सुरात ते सांगत असायचे, घाई नको, आधी सोड, सगळा सोड, आता घे. आणि भिंतीतली बुडबुड थांबायची, वाट बघायची, त्यांच्या सांगण्यावर पुन्हा सुरू व्हायची. ती दारातून डोकावली की अण्णा गप्प होत आणि ओशाळं हसत. तिला ते आवडत नव्हतं. पण ज्या माणसाला शिकवायला वर्षानुवर्षं कोणी उरलं नव्हतं, त्याच्या चेहऱ्यावरचा तो उजेड विझवायचा धीरही तिला होत नव्हता.

तिची एकच चूक झाली. सिलिंडर भरून आणायचा राहिला. आज नेऊ, उद्या नेऊ करताना गॅसच्या पाइपचं काम आलं. गॅसवाला खाली फाटकाशी आला होता, कुठला व्हॉल्व्ह उघडायचा ते दाखवायला तिला बोलावत होता. आभाळ भरून आलेलं, दुपार असून संध्याकाळ झाल्यासारखी. अण्णांना डुलकी लागली होती. बाटली नीट बुडबुडत होती. ती दार ओढून खाली गेली.

गॅसवाला चावी फिरवत असतानाच समोरच्या दुकानाचा दिवा गेला. मग पलीकडच्या इमारतीचे, मग रस्त्यावरचे. कुठेतरी मोठी लाइन गेली असावी. गॅसवाला काहीतरी म्हणत होता, ते तिला ऐकू आलं नाही. लिफ्ट बंद. ती जिन्याकडे धावली. अंधारात एका पायरीवर घसरली, गुडघा फुटला, तरी धावत राहिली. शिट्टी ऐकू येते का म्हणून कान देत होती, पण शिट्टी कधीच वाजून गेली असणार. रिकामा सिलिंडर तिच्या डोळ्यांसमोर नाचत होता. कुलपात किल्ली जाईना. शेवटी दार उघडलं.

घरात अंधार होता, आणि त्या अंधारात बुडबुड चालू होती.

भिंतीला धरून धरून ती मागच्या खोलीपर्यंत गेली. मशीन बंद होतं, हिरवा दिवा विझलेला, बाटलीतलं पाणी निश्चल. आवाज भिंतीतून येत होता. साऱ्या गावाची वीज गेलेली असताना. अण्णा उताणे निजले होते. चेहरा शांत, ओठ गुलाबी, छाती सावकाश वर खाली होत होती. बोटावरच्या यंत्रातला आकडा इतका चांगला तिनं वर्षभरात पाहिला नव्हता.

नाकात नळी तशीच होती. धाकटीनं मोबाइलचा उजेड नळीवर धरला आणि तिच्या कडेकडेनं नेला. नळी उशीवरून गेली, पलंगाच्या कडेनं खाली उतरली, पण मशीनकडे वळली नाही. ती मागे वळून वर चढली होती आणि तिचं दुसरं टोक भिंतीतल्या भोकात, वायरीच्या शेजारी, आत गेलेलं होतं. मशीनकडचं टोक सोडवायला अण्णांचा हात पोचत नसे.

नळीच्या आत दव साचलं होतं. तिनं नाकापाशी हात नेला आणि येणारी हवा तळहातावर घेतली. मशीनची हवा कोरडी असते, सलग असते. ही कोमट होती. यायची, थांबायची, पुन्हा यायची. अण्णा श्वास घेत तेव्हा ती यायची. ते सोडत तेव्हा नळीतलं दव भिंतीकडे सरकायचं.

ती तिथेच जमिनीवर बसली. नळी उपटून काढावी असं तिच्या मनात आलं, आणि उपटली तर पुढे काय, हेही आलं. एवढ्यात दिवे आले. पंखा फिरू लागला, मशीन घरघरलं, त्याचा हिरवा दिवा लागला आणि त्याच्या बाटलीत बुडबुडे उठले, कोणाच्याच नाकात न जाणारे. आता आपली हवा परत आली होती. तिनं दोन बोटांत नळी धरली, अण्णांना जाग येणार नाही अशा बेतानं, आणि भिंतीकडचं टोक हलकेच ओढलं.

ते आलं नाही. तिनं बोटं सैल सोडली. मग त्या बाजूनं नळीला एक बारीकसा हिसका बसला, दोरीच्या पलीकडचा माणूस दोरी ताठ आहे ना हे तपासतो तसा, आणि अण्णा झोपेतच हसले.